ओटीतली पात

डोंगराच्या पायथ्याला एक जंगल होतं. त्या जंगलात, पण आत नव्हे, अगदी काठाला, ओढ्याच्या अलीकडे एक साळू राहत असे. काठाला का, तर आत तिला शेजार लाभेना म्हणून. बालमित्रांनो, तुम्ही साळू पाहिली नसेल तर सांगते. अंगावर वीतवीतभर काळेपांढरे काटे, चालली की खुळखुळतात आणि दचकली की सगळेच्या सगळे उभे राहतात. आता दचकणं काय आपल्या हातात असतं? पण एकदा एका खारीच्या पिलाला काटा लागला आणि तेव्हापासून साळूच्या वाटेला कुणी फिरकेना. सणावारी जंगलात हसण्याखिदळण्याचे आवाज येत आणि ही आपली बिळाच्या तोंडाशी बसून ऐकत राही.

एका उन्हाळ्यात ओढा आटला आणि एक म्हातारं कासव डोहाच्या शोधात खाली निघालं. ऊन लागून ते नेमकं साळूच्या दाराशीच थबकलं. साळूने त्याला बिळाच्या गारव्यात घेतलं, पाणी पाजलं आणि बरं वाटेपर्यंत ठेवून घेतलं. निघताना कासवाने पाठीवर मातीत लपेटून आणलेला एक हिरवागार ठोंब खाली उतरवला आणि नखांनी त्याचे दोन भाग केले.

"हा घे बारीक पातीचा कांदा," कासव म्हणालं. "याला खाली मोठा कांदा धरत नाही, नुसती पात येते. पण पात अशी की भाकरीला दुसरं तोंडीलावणं नको. कापताना जमिनीपासून दोन बोटं सोडून काप, म्हणजे पुन्हा फुटेल. कळ्या दिसल्या की खुडून टाक, नाहीतर पात राठ होते. आणि मुख्य सांगायचं राहिलंच. दोन-तीन पावसाळे झाले की ठोंब उकरून फोडायचा. अर्धा आपल्याला ठेवायचा, अर्धा दुसऱ्याला द्यायचा. मलाही हा असाच मिळाला."

"आणि नाही फोडला तर, आजोबा?"

"तर तो आपल्याच गर्दीत गुदमरतो, पोरी," असं म्हणून कासव हळूहळू ओढ्याच्या अंगाने खाली गेलं. ते पुन्हा त्या वाटेने आलं नाही.

साळूने बिळामागे वाफा केला. शेणखत घातलं, कडेने गोटे लावले. पाऊस पडला आणि पात अशी तरारून वर आली की बघत राहावं! सुईसारखी बारीक, आतून पोकळ, आणि तिचा तो वास वाऱ्यावरून थेट जंगलात गेला. आधी एक मुंगूस आलं, लांबूनच नाक हलवत. "साळूमावशी, जरा पात मिळेल का गं? भाकरी कोरडी आहे." साळूने मूठभर कापून दिली. दुसऱ्या दिवशी खार आली. मग भारद्वाज, मग रानमांजर. बघता बघता साळूच्या दारात सकाळ-संध्याकाळ वर्दळ सुरू झाली. कुणी पात नेई, कुणी नेता नेता दोन घटका गप्पा मारी. जिला कुणी विचारत नव्हतं तिला आता सगळं जंगल 'मावशी' म्हणू लागलं. साळूला तर आनंदाने कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं.

त्या येणाऱ्यांत एक लहानशी ससुली होती. तिची आई लांडग्याने नेलेली. पात मागायला म्हणून ती एकदा आली आणि काय झालं कोण जाणे, परत गेलीच नाही. ती वाफा खुरपायची, ओढ्यावरून पाणी आणायची आणि निजायची ती खुशाल साळूच्या कुशीत. काट्यांची भीती तिला नव्हतीच. "काटे ज्या अंगाला झुकतात, त्याच अंगाने टेकायचं, म्हणजे मुळीच टोचत नाहीत," असं ती खारीच्या पोरांना शहाण्यासारखं समजावून सांगे. साळू ते ऐके आणि डोळे पुसे.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण जंगल म्हटलं की कावळा आलाच. एक दिवस तो जांभळाच्या फांदीवर येऊन बसला आणि मान तिरकी करून म्हणाला, "काय साळूबाई, थाट वाढला हं दारचा! चालायचंच. असतील शितं तर जमतील भुतं."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे पात आहे तोवर पाहुणे आहेत. उद्या ही पात ज्याच्या त्याच्या दारी लागू द्या, मग तुमच्या या काट्यांना कोण विचारतंय तेही बघू."

बोलणारा बोलून उडून गेला. त्याला काय, त्याचं तोंडच तसलं! पण साळूच्या मनात ते घर करून बसलं. तिला ते जुने दिवस आठवले, लांबून येणारे हसण्याचे आवाज आठवले.

ठोंब फोडायची वेळ आली. साळू वाफ्यापाशी गेली, पुढचे पाय मातीत खुपसले आणि तशीच थांबली. 'यंदा राहू दे,' ती मनाशी म्हणाली, 'पुढल्या वर्षी बघू.' पुढल्या वर्षीही ती तसंच म्हणाली. कळ्या मात्र ती पूर्वीपेक्षा काळजीने खुडू लागली. पात राठ होऊ नये एवढ्यासाठीच नव्हे, तर चुकून बी पडलं आणि कुणी उचललं तर, या धास्तीने.

मुंगसाने एकदा विचारलं, "मावशी, एक गड्डी मुळासकट दे की. माझ्या बिळापाशी लावीन. तुझाही रोजचा त्रास वाचेल."

"अरे, त्रास कसला त्यात? आणि तुला रे कशाला ती उस्तवार? खुरपा, पाणी घाला. माझी पात आहे ना, केव्हाही ये नि घेऊन जा."

मुंगसाला वाटलं, काय मोठ्या मनाची आहे ही! तेच खारीला वाटलं, तेच रानमांजराला वाटलं. मागेल त्याला मागेल तेवढी पात मिळे, आणि मूळ मिळत नाही हे कुणाच्या लक्षातही येईना. हातचं राखून देणं म्हणतात ना, ते हेच. साळूने ते इतक्या गोड बोलून केलं की पुढे पुढे तिचं तिलाही कळेनासं झालं.

दिवस जात काय वेळ लागतो? ससुली मोठी झाली. ओढ्यापलीकडच्या माळावरच्या एका सशाशी तिचं लग्न ठरलं. आता त्या जंगलाची एक रीत होती. लेक सासरी निघाली की माहेरच्या माणसाने तिच्या ओटीत आपल्या दारचं एखादं रोप घालायचं, मुळाला माती असेल तशी ठेवून. सासरच्या अंगणात ते रोप रुजलं म्हणजे लेक रुजली, असं सगळे मानत. कुणी तुळस देई, कुणी गवती चहा देई.

लग्नाच्या आदल्या दिवशी ससुली वाफा खुरपून आली, हात झाडले आणि साळूजवळ बसली. "मावशी, माझं माहेर म्हणजे तूच," ती म्हणाली. "माझ्या ओटीत पात घालशील ना? मुळासकट हं. लहानशी गड्डी पुरे. तिथे जाऊन मी लावीन आणि सगळ्यांना सांगेन, ही माझ्या मावशीची पात."

"बघू हं," साळू म्हणाली आणि उगीचच भाकरी उलटायला उठली.

तिच्या मनात काय चाललं होतं सांगू? तिला वाटलं, हिने तिकडे पात लावली की संपलंच. मग ही इकडे कशाला येईल? पातीच्या निमित्ताने तरी आली असती. पात सरली की माहेर आठवलं असतं. वेडी गं वेडी! पोरीला बांधून ठेवायला तिला पातीशिवाय दुसरी दोरीच दिसेना.

लग्नाच्या सकाळी साळूने सगळा वाफाच्या वाफा कापला. दोन बोटं सोडून, नीट. हातात मावेना एवढी जुडी झाली, ती तिने गवताच्या दोरीने बांधली आणि सगळ्यांसमक्ष ससुलीच्या ओटीत घातली. वऱ्हाडी मंडळींत वाहवा झाली. "मावशीने वाफा रिकामा केला हो पोरीसाठी!" खार तर डोळे टिपू लागली.

ससुलीने जुडी उचलून खालून पाहिली. कापलेली पांढरी देठं होती नुसती.

"मावशी, याला मूळ?"

"मूळ कशाला गं? पात सरली की ये ना माहेरी, पुन्हा देईन. तेवढंच येणं होईल तुझं."

ससुलीने एकवार वाफ्याकडे बघितलं, मग साळूकडे. "बरं," म्हणाली आणि पाया पडायला वाकली.

इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं, पण संशय आला की माणूस काय आणि जनावर काय, पायरी सोडतंच. साळूला एकदम आठवलं, काल ही वाफ्यात एकटीच होती. कोपऱ्यातली एखादी गड्डी उपटून घेतली असली तर? ससुलीच्या खांद्यावर गाठोडं होतं. "थांब गं, गाठ सैल वाटतेय," असं म्हणत साळूने ते गाठोडं वरून चाचपलं. एका बाजूने चाचपलं, दुसऱ्या बाजूने चाचपलं. भाकऱ्या लागल्या. एक काहीतरी लांबट, टणक लागलं. मूळ नव्हे, एवढं नक्की. साळूचा जीव भांड्यात पडला. "आहे हो घट्ट," ती म्हणाली.

ससुली गाठोडं चाचपून होईपर्यंत उभी राहिली. मग काही न बोलता ओढा ओलांडून गेली. पलीकडच्या काठावर लेकी मागे वळून बघतात, तशी तिने बघितलं नाही. साळू म्हणाली, लाजली असेल.

पुढचा पावसाळा आला. कापलेल्या वाफ्यावर पात पुन्हा फुटली, पण तिच्यात जीव नव्हता. शेंडे पिवळे, काडी बारीक, उभी राहायच्या आधीच लोळणारी. साळूला वाटलं, भूक लागली असेल. तिने आणखी शेणखत घातलं. तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी घातलं. ठोंब मधूनच तपकिरी पडत चालला, आणि एके सकाळी बघते तर सगळा वाफा भुईला मिळालेला. तिने घाईघाईने उकरलं. आत मुळांत मुळं अशी गच्च अडकली होती की मुंगीला शिरायला जागा नव्हती. गड्ड्या एकमेकींना चेपून चेपून कुजल्या होत्या आणि हाताला नुसता चिकट, घाण वासाचा लगदा येत होता. लावावी म्हटलं तर एक गड्डी धड निघाली नाही. "आपल्याच गर्दीत गुदमरतो, पोरी," कासवाचं बोलणं तिला तेव्हा आठवलं.

पात सरली आणि येणारे-जाणारेही सरले. कुणी भांडलं नाही हो, कुणी वाईट बोललं नाही. काम नव्हतं, म्हणून आले नाहीत एवढंच. कावळा तेवढा जांभळावरून ओरडून गेला, "म्हटलं नव्हतं?"

शेवटी साळू स्वतःच उठून मुंगसाकडे गेली. "बाबा रे, पातीची एखादी गड्डी असली तर दे. पुन्हा लावीन म्हणते."

मुंगसाने डोळे मोठे केले. "माझ्याकडे कुठली, मावशी? मी मागितली होती तेव्हा तू म्हणालीस, उस्तवार कशाला." तो टोमणा मारत नव्हता, खरंच आठवून सांगत होता. खारीनेही तेच सांगितलं, रानमांजरानेही तेच. एवढं मोठं जंगल, पण तिच्या पातीची एक काडी कुणाच्या दारी नव्हती. असणार कुठून?

घरी येऊन साळू रिकाम्या वाफ्यापाशी बसली आणि तिच्या मनात एक विचार आला. ससुलीने त्या दिवशी एखादी गड्डी चोरली असेल तर! गाठोड्यात नसेल, ओटीत लपवली असेल, कानामागे लपवली असेल, कुठेही! जिच्यावर तेव्हा चोरीचा संशय घेतला, तिने चोरी केलेली असू दे, म्हणून साळू आता देवाला विनवू लागली. थंडी पडली, ओढ्याचं पाणी उतरलं, तशी ती काटे खुळखुळवत पलीकडे निघाली.

माळावरचं ससुलीचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. साळूला लांबूनच दिसलं, अंगणाच्या मधोमध एक आळं होतं. भोवती गुळगुळीत गोटे लावलेले, माती भुसभुशीत केलेली, तणाचं पान नाही. तिने पावलं उचलली, जवळ गेली आणि वाकून पाहिलं.

आळं रिकामं होतं. मधोमध फक्त एक काळापांढरा काटा रोवलेला होता.

"मावशी! अगं बाई, मावशी तू!" ससुली धावत बाहेर आली. तिने साळूला आत नेलं, पाणी दिलं, भाकरी वाढली. सोबत तीळकूट होतं, पात नव्हती. साळूने घास हातात धरला आणि दाराबाहेर बघितलं.

"पोरी, ते आळं कसलं गं?"

"पातीसाठी केलं होतं, इथे आले त्या दिवशीच. जुडी तर वाटेतच मान टाकून बसली होती. सासूबाईंनी विचारलं, माहेरचं रोप कुठे? मी म्हटलं, मावशी मागून पाठवणार आहे. मग रोजच विचारायला लागले सगळे. म्हणून आळं तसंच तयार ठेवलं, म्हणजे कुणी पुन्हा विचारणार नाही."

"आणि तो काटा?"

"तुझाच. गळून पडलेला, वाफ्यात सापडला होता. तू मूळ देशील की नाही कोण जाणे, माहेरचं काहीतरी बरोबर असावं म्हणून गाठोड्यात घेतला होता."

साळूच्या हातातला घास खाली पडला. ते लांबट, टणक काय होतं ते तिला आता कळलं. "मी त्या दिवशी तुझं गाठोडं चाचपलं," ती म्हणाली. "गाठीसाठी नव्हे गं."

"मला कळलं होतं, मावशी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुझ्या कुशीत लहानाची मोठी झाले, कधी टोचलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं." ससुलीने खाली पडलेला घास उचलून बाजूला ठेवला. "आणि येणारच होते गं मी. पातीसाठी कशाला, तुझ्यासाठी आले असते. पण मग वाटलं, पुन्हा गेले तर पुन्हा चाचपशील."

साळू ढसाढसा रडली. "आता द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही गं. सगळं कुजलं. तुला दिली असती तर आज तुझ्याकडून मागून नेली असती." ससुलीने तिचे डोळे पुसले. तिच्यात राग नव्हता. म्हणूनच साळूला जास्त लागलं. रागावली असती तर क्षमा तरी मागता आली असती.

ऊन कलायला लागलं तशी साळू उठली. ससुली तिला पोचवायला अंगणात आली. जाता जाता तिने दाराशी ठेवलेलं मडकं उचललं आणि त्या रिकाम्या आळ्यात पाणी घातलं.

"यात काही नाही गं, पोरी," साळू म्हणाली.

"हो की," ससुली म्हणाली. "रोजची सवय झाली." साळू तिथेच उभी राहिली आणि पाणी मातीत जिरेपर्यंत बघत राहिली.

तात्पर्य : जे वाटल्याने वाढतं ते मुळासकट द्यावं, पान देऊन मूळ राखणाऱ्याजवळ शेवटी मूळही राहत नाही आणि माणूसही राहत नाही.